जपून ठेवण्याचं काम

(२००५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, चाळीसगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू म्युझियमच्या लाइनमध्ये आहेस ना, त्याच्यावर वीस मिनिटं बोल. पण जरा हलकंफुलकं ठेव, सर-मॅडम बसलेले असतील, लोकांना जेवायचंही असेल." म्हणून पगार, पदव्या आणि परिषदा बाजूला ठेवते आणि सुरुवातीच्या सहा आठवड्यांबद्दल बोलते. माझं जे काही शिक्षण झालं, त्यातलं बरंचसं त्या सहा आठवड्यांत झालं.

साल २०१२. एम.ए. इतिहासाची परीक्षा संपली होती. आमच्या घरी दोन मतं होती. आईचं मत बी.एड., वडिलांचं मत बँकेची परीक्षा. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी २५ मार्चला जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थाचं उद्घाटन झालं. तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या होत्या, आपल्याच जिल्ह्याच्या लेक. भवरलालजी जैन यांनी उभं केलेलं हे काम. आपल्याकडे त्यांना सगळे ठिबकसाठी ओळखतात, पण मनात गांधीजींचं असं स्मारक करायचं त्यांनी फार आधीपासून धरलं होतं. जोधपुरी दगडाची इमारत, आणि आत 'खोज गांधीजी की' हे संग्रहालय. तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून मी जूनमध्ये रुजू झाले.

वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "परमनंट आहे का?" मी म्हटलं, "नाही, शिकायचं आहे." ते म्हणाले, "एम.ए. झाल्यावर अजून काय शिकायचं राहिलं?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजचं भाषण म्हणजे तेच उत्तर समजा. ते समोर बसले आहेत, तेरा वर्षं उशिरा का होईना, ऐकतील.

पहिले पंधरा दिवस मी चाळीसगावहून जाऊन-येऊन केले. सकाळची गाडी, वाघळी, कजगाव, पाचोरा, म्हसावद, शिरसोली करत जळगाव. तुमच्यापैकी ज्यांनी जळगावला कॉलेज केलं त्यांना त्या डब्यातले चेहरे आठवत असतील. दूधवाले, कोर्टात तारीख असलेले, जिल्हा परिषदेत फाईल घेऊन निघालेले. डब्यात रोज विचारायचे, "ताई, कुठे नोकरी?" मी म्हणायचे, "संग्रहालयात." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथे काय काम असतं? पुसायचं का?"

गंमत म्हणजे, पहिल्या दिवशी खरोखर पुसायचंच काम शिकवलं! काच कशी पुसायची, फडका कुठला, पाणी फवारायचं ते फडक्यावर, काचेवर नाही, कारण थेंब कडेने आत उतरतो. आमच्या एक ज्येष्ठ ताई होत्या, त्यांनी हे शिकवलं. मग त्या म्हणाल्या, "आता आठवडाभर तू कोणाला काही सांगायचं नाही. फक्त लोकांच्या मागे चालायचं आणि ते कुठे थांबतात ते वहीत लिहायचं."

मला वाटलं, ही शिक्षा आहे. चौथ्या दिवशी कळलं, की हेच काम. संग्रहालय सगळं नीट पाहायचं तर दोन-अडीच तास लागतात. भित्तिचित्रं आहेत, टच स्क्रीन आहेत, बायोस्कोप आहे. मुलं पडद्याला हात लावायला धावतात, हे अपेक्षितच होतं. पण म्हातारी माणसं कुठे थांबत होती? ती फोटोसमोर थांबत होती, आणि फोटोतल्या मधल्या माणसाकडे नाही तर कडेच्या माणसांकडे बघत होती. एक आजी तर पाच मिनिटं एका जुन्या फोटोतल्या गर्दीकडे बघत उभ्या होत्या. मी विचारलं, "कोणाला शोधताय का?" त्या म्हणाल्या, "कोणी ओळखीचं दिसतं का पाहते, बाई." मी ते वहीत लिहून ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ फारसा लागला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात कागद हाताळायला शिकले. इथे जरा तांत्रिक बोलते, पण ते तुमच्या घरीही उपयोगी पडेल. जुन्या कागदाजवळ शाईचं पेन न्यायचंच नाही. लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीने. हात धुवून, कोरडे करून कागद धरायचा, आणि एका हाताने उचलायचा नाही, खाली पुठ्ठा सरकवायचा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आधी काढायच्या, कारण त्या गंजतात आणि गंज कागद खातो. उजेड जितका कमी तितकं कागदाचं आयुष्य जास्त. जगभर जुन्या कागदासाठी ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. लोक तक्रार करतात, की म्युझियममध्ये अंधार का असतो. कंजुषीमुळे नाही, कागदासाठी!

आणि आपल्या खान्देशात तर कागदाला दोन्हीकडून मार. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, कागद पापडासारखा कडक होतो. जून-जुलैत पाऊस आला की तोच कागद दमट होतो. वर्षानुवर्षं ही ओढाताण झाली की घडीवर तुकडे पडतात. जे उरतं ते कसर खाते, आणि कसरीने सोडलं ते वाळवी. म्हणजे आपल्याकडे एखादा शंभर वर्षांचा कागद शिल्लक असेल, तर तो आपोआप राहिलेला नाही. कोणीतरी दर वर्षी त्याला ऊन दाखवलंय, झटकलंय आणि परत फडक्यात बांधलंय. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते, आणि तिचं नाव त्या कागदावर कुठेही नसतं.

आपल्या भागाला या कामाची परंपराही आहे, आणि शाळेत असताना मला ती माहीत नव्हती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे महाराष्ट्रभर वाड्यावाड्यांतून दप्तरं शोधत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. राजवाडे वारले ते धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि लगेच पुढच्या वर्षी धुळ्याच्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. इथून धुळं किती? एस.टी.ने दीड-दोन तास. मी एम.ए. होईपर्यंत तिथे एकदाही गेले नव्हते. प्रशिक्षणाच्या चौथ्या आठवड्यात सुट्टी काढून गेले आणि रुमालात बांधलेली दप्तरं डोळ्यांनी पाहिली.

आणि खुद्द आपलं चाळीसगाव. स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला. शाळेत जाता-येता आपण सगळे त्या बाजूने गेलोय. आपल्याला त्यांची एकच गोष्ट माहीत होती, की हा पारशी माणूस एका मैत्रिणीची वाट बघत आयुष्यभर घरात बसला. पण त्या घरात बसून त्यांनी काय केलं, हे कोणी सांगितलं नाही. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी केलेली छायाचित्रण कला लोक लांबून बघायला येतात. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा. मी जळगावला शिकत होते त्या २०१२ साली त्यांची जन्मशताब्दी होती, आणि तारीख गांधीजयंतीची! आज तो बंगला त्यांच्या कलेचं दालन आहे. बाहेरगावाहून आज आलेल्यांनी उद्या गाडी पकडायच्या आधी एक तास काढावा, ही विनंती.

तिसऱ्या आठवड्यात मला शाळांच्या गटांबरोबर पाठवलं. मुलांचे प्रश्न म्हणजे परीक्षाच. एका जिल्हा परिषद शाळेच्या पोराने विचारलं, "मॅडम, गांधीजी वर्गात पहिले यायचे का?" मी सांगितलं, नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की ते साधारण विद्यार्थी होते. राजकोटच्या शाळेत तपासणीला इन्स्पेक्टर आले, पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले, त्यातल्या 'केटल' शब्दाचं स्पेलिंग गांधीजींचं चुकलं. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खूण केली, की शेजारच्याच्या पाटीवर बघ. पण ते त्यांना सुचलंच नाही. हे ऐकून पोरगं इतकं खूश झालं, की पूर्ण वेळ माझ्या शेजारी चालत होतं.

त्याच गटातली एक मुलगी मात्र दांडीयात्रेपाशी अडली. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून ७८ सत्याग्रही घेऊन निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मीठ उचललं, एवढं मी पाठ केलेलं सांगितलं. तिने विचारलं, "मॅडम, यात मुली नाहीत?" मी म्हटलं, "नाहीत. गांधीजींनी या यात्रेत बायकांना घेतलं नव्हतं. बायकांनी त्यावर नाराजी कळवली. मग त्याच वर्षी मे महिन्यात धारासणाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं." ती म्हणाली, "मग बरंय." आणि पुढे गेली.

मी मात्र तिथेच राहिले. कारण मला एक गोष्ट लक्षात आली. ते ७८ जण कोण होते, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. का? तर ती यादी त्याच वेळी गांधीजींच्या साप्ताहिकात छापली गेली. कोणीतरी बसून नाव, प्रांत लिहून काढलं. ते ७८ जण सगळे काही पुढारी नव्हते. कोणी विणकर होता, कोणी विद्यार्थी. पण नावं लिहिली गेली म्हणून आज त्यांची नातवंडं येऊन बोट ठेवू शकतात. इतिहासात कोण राहतं हे बऱ्याचदा पराक्रमावर ठरत नाही. त्या दिवशी कोणाच्या हातात पेन्सिल होती, यावर ठरतं.

आता मी तुम्हाला नानांबद्दल सांगते.

पाचव्या आठवड्यात अमळनेरकडच्या एका गावातून एक कुटुंब आलं होतं. त्यात नव्वदीचे एक आजोबा, धोतर, टोपी, हातात काठी. घरचे त्यांना नाना म्हणत होते. सगळं बघून झाल्यावर घरची मंडळी चहाला गेली आणि नाना बाहेर झाडाखाली बसले. मी पाणी नेऊन दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "छत्तीस सालले मी फैजपूरले व्हतू, माय."

फैजपूर म्हटल्यावर मी खाली बसलेच. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन तोपर्यंत नेहमी शहरात भरायचं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते फैजपूरचं, आपल्या तेव्हाच्या पूर्व खान्देश जिल्ह्यातलं. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू आणि गावात मिळणारं सामान वापरून सगळी नगरी सजवली. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी त्यासाठी रक्ताचं पाणी केलं. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. आणि तिथे प्रत्यक्ष गेलेला माणूस माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरून बसलेला.

मी विचारलं, "नाना, तुम्ही तिथे काय करत होतात?"

"लोकेसले पानी पाजं मी. दुसरं काय? चौदा वरीसना पोऱ्या."

मराठी सातवीत होते. गावातली चार पोरं मोठ्या माणसांबरोबर निघाली, काही चालत, काही बैलगाडीत, तापी ओलांडून गेली. कडाक्याची थंडी. घरी सांगितलं नव्हतं. तिथे स्वयंसेवकांनी हातात बादली दिली, पाणी वाढत राहिले. नेहरूंना लांबून पाहिलं, गांधीजींना जरा जवळून. परत आले तेव्हा वडिलांनी बदडलं आणि शाळेऐवजी शेतात घातलं. सातवीची फायनल राहिली ती राहिलीच. तुम्हाला माहीत आहे, त्या काळी फायनल पास म्हणजे तलाठी, मास्तर होता यायचं. नाना आयुष्यभर कोरडवाहू शेती करत राहिले.

मग त्यांनी मला विचारलं, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत सांगते, "तुमना गांधीबाबा तं देखना मी. गैरा चांगला करेल शे. पन पानी पाजनारा कोठे शेतस?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं, की एवढं मोठं घर बांधलंय तर आत कुठेतरी असेल, फक्त आपल्याला सापडलं नाही. मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर होतं, की हे गांधीजींचं संग्रहालय आहे, प्रत्येक संग्रहालयाचा एक विषय असतो, सगळं एका छताखाली मावत नाही. ते बरोबरही आहे. पण त्या माणसासमोर ते बोलायला जीभ उचलली नाही. मी विचारलं, "नाना, तुमच्याकडे तेव्हाचं काही आहे? बिल्ला, फोटो, चिठ्ठी?" ते म्हणाले, एक बिल्ला होता, घराची पडझड झाली त्यात गेला. चिठ्ठ्या-चपाट्या दिवाळीच्या साफसफाईत गेल्या. सुनेने टाकल्या असं म्हणून ते लगेच म्हणाले, "तिले काय म्हाईत, माय."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. कोणी पाठवलं नव्हतं, एस.टी.चं तिकीट माझं. वही नेली आणि नाना बोलतील तसं लिहून घेतलं, अहिराणीत, जसंच्या तसं. अठरा पानं झाली. मग मनात आलं, गावातली मराठी शाळा जुनी आहे, तिथे काही मिळेल का? सोमवारी रजा टाकून थांबले. मुख्याध्यापकांना भेटले. हजेरीपट अर्थातच नव्हते, ते ठरावीक वर्षांनी निकाली काढतात. पण दाखल-खारीज रजिस्टर कायमचं ठेवायचं असतं. तुमचा-माझा शाळा सोडल्याचा दाखला त्यातूनच निघतो. सरांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात कापडात बांधलेलं जाडजूड रजिस्टर. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत.

दोन तास शोधलं. नाव सापडलं. जन्मतारीख, वडिलांचा धंदा शेती, इयत्ता सातवी. शाळा सोडल्याची तारीख जानेवारी १९३७. आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'विनापरवाना गैरहजर'. त्याच्या वरच्या ओळीत, खालच्या ओळीत, अशा आणखी तीन नावांपुढे तोच शेरा, तीच तारीख. बरोबर चार पोरं!

मैत्रिणींनो, मित्रांनो, त्या मास्तरांनी फैजपूर हा शब्द लिहिलेला नाही. सरकारी शाळा, इंग्रजांचं राज्य, ते लिहिणारही नाहीत. नियमाप्रमाणे जे लिहायचं तेवढंच लिहिलं. पण चार पोरं एकदमच गैरहजर झाली, हे त्यांनी नीट नोंदवलं आणि पुढच्या पंचाहत्तर वर्षांत त्या शाळेतल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने ते रजिस्टर पुढच्याच्या ताब्यात दिलं. नानांच्या फैजपूरला जाण्याचा एवढाच लेखी पुरावा या जगात आहे. तो शाळेच्या कपाटात होता.

सरांच्या परवानगीने मी त्या पानाचा फोटो घेतला आणि नानांना जाऊन दाखवला. त्यांना आता वाचता येत नव्हतं, नजर गेली होती. मी वाचून दाखवलं. आधी हसले. म्हणाले, "मास्तरनी लिखी ठेवं व्हतं?" मग बाकीच्या तिघांची नावं विचारली. मी वाचली. प्रत्येक नावाला नाना एकेक शब्द बोलले, हा देवीने गेला, हा मुंबईला गिरणीत लागला, याची पोरगी माझ्या पुतण्याला दिली. मी ते सगळं लिहून घेतलं. नाना पुढच्या वर्षी गेले. त्या वहीची एक प्रत त्यांच्या घरी आहे आणि एक त्या शाळेत, त्याच रजिस्टरच्या शेजारी. वाचणारे कमी असतील, पण पाणी पाजणारा कोठे शे, या प्रश्नाला आता एक पत्ता तरी आहे.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, एम.ए. झाल्यावर काय शिकायचं राहिलं. हे शिकायचं राहिलं होतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्या खिशाशी संबंधित आहे, त्यामुळे लक्ष द्या.

आपल्या तालुक्यातलं पाटण, म्हणजे पाटणादेवी. आपली सहल दर वर्षी तिथेच जायची. तिथे एक शिलालेख मिळाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. यादव राजा सिंघणाच्या काळातला, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. तो भाग कशाबद्दल आहे माहीत आहे? पैशाबद्दल. बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय मिळेल, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं, असा सगळा हिशेब. ग्रंथ थोर होते हे खरंच, पण दिव्यात तेल कोण घालणार, हेही त्या लोकांनी दगडावर कोरून पक्कं केलं. आणि हा हिशेब सगळ्यांना कळावा म्हणून लोकांच्या भाषेत लिहिला.

आपण आज शाळेसाठी निधी गोळा करतोय. कॉम्प्युटर हवेत, पाण्याची टाकी हवी, त्याबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला थोडा वाटा, घाण्याच्या तेलाएवढा, शाळेच्या जुन्या कागदांसाठी ठेवावा. एक चांगलं लोखंडी कपाट, भिंतीपासून आणि जमिनीपासून जरा दूर ठेवलेलं. दाखल-खारीज रजिस्टरांचं, जुन्या हस्तलिखित अंकांचं आणि स्नेहसंमेलनाच्या फोटोंचं स्कॅनिंग. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, दोन माजी विद्यार्थ्यांनी येऊन सगळं उघडून, झटकून परत ठेवायचं. पहिल्या पाच वर्षांची जबाबदारी मी घेते. माझ्याबरोबर कोण येणार, ते जेवणाच्या आत सांगा.

घरीही काही गोष्टी करता येतील. फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा, पेनाने नको. जुनी कागदपत्रं लॅमिनेट करू नका, ते कायमचं नुकसान असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा धुतलेलं सुती कापड बरं. पत्रिका, दाखले, पावत्या रद्दीत देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा. आणि तुमच्या मोबाइलमध्ये एवढी जागा आहे, त्यात आई-वडिलांचा, आजी-आजोबांचा आवाज भरून ठेवा. विषय कोणताही असो, बियाण्याचा भाव विचारा, लग्नातल्या जेवणाचं विचारा. आपले काही सर आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज कोणाकडे आहे का? मी संयोजकांना विचारलं. कोणाकडेच नाही.

मागच्या हॉलमध्ये एक टेबल मांडलंय. त्यावर आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो मोठा करून ठेवलाय आणि बाजूला कागद आणि पेन्सिली आहेत. फोटोत शिक्षक धरून ६१ जण आहेत. काल रात्री आम्ही चौघीजणी बसलो आणि ४३ नावं लिहिली. अठरा चेहरे राहिलेत. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मुलगा कोण, हे आमच्यापैकी कोणालाच आठवलं नाही. तो दहावीनंतर दिसला नाही, असं एक जण म्हणाली. तुमच्यापैकी कोणाला तरी आठवत असेल. जेवायला जाण्याआधी दोन मिनिटं तिथे थांबा आणि नाव लिहा.